विचारा तर खरं : दुधासारखी दिसणारी थंडगार स्लरी

(उष्णता, यंत्रं आणि रोजचा व्यवहार यांबद्दल वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांना उत्तरं. उत्तरं देणाऱ्या बाई कोल्हापुरातल्या एका तंत्रनिकेतनातून निवृत्त झाल्या आहेत. तिथं त्यांनी बरीच वर्षं उष्मागतिकीची प्रयोगशाळा सांभाळली.)

प्रश्न : मॅडम, सा. न. वि. वि. आमची करवीर तालुक्यात दूध संस्था आहे. संध्याकाळचं हजारभर लिटर दूध जमतं. बल्क कूलर आहे, पण लाइट गेली की जीव टांगणीला लागतो आणि जनरेटरचं डिझेल परवडत नाही. मागच्या महिन्यात एक विक्रेता येऊन गेला. त्याच्याकडं ‘मायक्रोकॅप्सूलची स्लरी’ आहे. ती सहा डिग्रीला वितळते, पाण्याच्या अडीच पट थंडावा साठवते आणि पंपानं पाइपातून फिरते, असं तो सांगतो. रात्री गार करून ठेवायची आणि लाइट नसताना तिच्यावर दूध गार करायचं. बाटलीत नमुना दिलाय, दिसायला हुबेहूब दूध. चेअरमन म्हणतात घेऊया. आम्हाला स्लरी म्हटलं की गोबर गॅसच माहीत. घ्यावी का?
– एका दूध संस्थेचे सचिव

उत्तर : सचिवसाहेब, आधी निकाल सांगते, कारण तुमच्या सभासदांचा पैसा अडकायचा आहे. दूध गार करायला ही स्लरी घेऊ नका. विक्रेता खोटं बोलतोय असं मात्र नाही. त्याचा ‘अडीच पट’ आकडा खरा आहे, तो तुमच्या कामाला लागू होत नाही एवढंच. कसा, ते नीट समजून घ्या, म्हणजे चेअरमनना सांगता येईल.

बर्फ वितळताना शून्य अंशावरच राहतो आणि तरी उष्णता पीत राहतो, हे तुम्ही रोज बघता. ग्लासगोच्या जोसेफ ब्लॅक यांनी १७६० च्या दशकात ही गोष्ट मोजून दाखवली. शाळेच्या पुस्तकात तिला अप्रकट उष्मा म्हणतात. एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोजूल उष्णता घेतो. एक किलो पाणी एका अंशानं तापायला फक्त ४.१८ किलोजूल लागतात. म्हणजे एक किलो बर्फ नुसता वितळण्यात जेवढी उष्णता गिळतो, तेवढ्यात तेच पाणी ८० अंशांनी तापेल.

मेणाच्या जातीचे पदार्थही असेच वागतात, फक्त त्यांचे वितळण्याचे अंश वेगळे. टेट्राडेकेन साधारण ६ अंशांना वितळतं, हेक्झाडेकेन १८ ला, ऑक्टाडेकेन २८ ला. वितळताना ते किलोमागं सव्वादोनशे ते अडीचशे किलोजूल घेतात. अडचण अशी, की गोठलेलं मेण पाइपातून फिरत नाही. शिवाय त्यातून उष्णता फार हळू सरकते, पाण्याच्या साधारण एक तृतीयांश वेगानं. मग लोकांनी युक्ती काढली. मेणाचे काही मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थेंब करायचे, प्रत्येक थेंबाभोवती प्लास्टिकसारखं पातळ कवच चढवायचं आणि त्या कुप्या पाण्यात कालवायच्या. आतलं मेण गोठो की वितळो, बाहेरून ते पाण्यासारखंच वाहतं. कवच चढवण्याची विद्याही नवी नाही. व्यापारी बिलबुकात कार्बन न घालता खाली प्रत उमटवणारा कागद वापरतात ना, तो १९५४ साली बाजारात आला तो याच विद्येवर. कागदाच्या पाठीला शाईच्या कुप्या, पेनाच्या दाबानं त्या फुटतात.

आणि साहेब, अशी स्लरी तुमच्या दारात रोज कॅननं येते. दुधात स्निग्धांशाचे तीन-चार मायक्रॉनचे गोळे असतात, प्रत्येकाभोवती नैसर्गिक पापुद्रा असतो आणि ते पाण्यात तरंगत असतात. तो नमुना दुधासारखा दिसतो तोही याच कारणानं. एवढे बारीक गोळे प्रकाश सगळीकडं विखुरतात म्हणून पांढरं दिसतं. पुढं हीच दुधाची उपमा मी परत परत वापरणार आहे, कारण दुधाचं वागणं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

आता अडीच पटीचा हिशोब. समजा स्लरीत वजनानं २० टक्के कुप्या आहेत आणि कुपीच्या वजनात ८० टक्के मेण. म्हणजे किलोभर स्लरीत मेण १६० ग्रॅम. टेट्राडेकेनचे २२५ किलोजूल धरले तर वितळताना ते ३६ किलोजूल घेतं. तापमान ३ वरून ९ पर्यंत, म्हणजे ६ अंश चढू दिलं, तर त्या चढण्यात पाणी आणि कुप्या मिळून आणखी साडेबावीस घेतात. एकूण साडेअठ्ठावन्न. साधं पाणी त्याच ६ अंशांत २५ घेतं. झाले सव्वादोन-अडीच पट. पण तापमान ३० अंश चढू दिलं तर? पाणी १२५ घेईल, स्लरी १४८. फायदा दीडपटही उरला नाही. मेणाचा हिस्सा तेवढाच राहतो आणि पाण्याचा वाढत जातो. अरुंद तापमानपट्ट्यात काम असेल तिथंच ही स्लरी शोभते. कुणीही ‘इतके पट’ म्हणून आकडा सांगितला, की ‘किती अंशांच्या फरकात?’ हा प्रश्न त्याला लगेच विचारायचा.

तुमचं काम आता त्या पट्ट्यावर ठेवून बघू. हजार लिटर दूध ३५ अंशांवरून ४ वर आणायचं, तर सुमारे सव्वा लाख किलोजूल काढायला लागतात. स्लरीचे साडेअठ्ठावन्न धरले तर दोन टनांहून जास्त स्लरी हवी. एवढी ठेवूनही दूध ४ अंशांवर येणार नाही, कारण मेण आपला साठा ६ अंशांनाच देणार. सहाच्या वस्तूनं दूध चारवर कसं येईल? आठ-नऊवर ते अडकेल आणि तिथं जिवाणूंची वाढ पुरेशी थांबत नाही. तेच बर्फानं केलं तर पावणेचारशे किलो बर्फात काम होतं, आणि बर्फ शून्याला देतो, त्यामुळं दूध चारपर्यंत खरंच उतरतं. बर्फासाठी वेगळा माल विकत घ्यावा लागत नाही, तो फुटत नाही, गळला तर नुसतं पाणीच गळतं.

म्हणून आइस बँक टाकी घ्या. लाइट असते तेव्हा नळ्यांभोवती बर्फ जमवून ठेवायचा, लाइट गेली की छोट्या पंपानं गार पाणी फिरवायचं. त्या पंपाला लहान इन्व्हर्टर पुरतो. एक खर्च मात्र लपवत नाही. बर्फ जमवायला कॉम्प्रेसरला शून्याच्या बरंच खाली उतरावं लागतं, म्हणून युनिटं थोडी जास्त जळतात. ती वाचवायचा सोपा मार्ग तुमच्या विहिरीत आहे. कूलरच्या आधी एक साधा प्लेट कूलर बसवा आणि विहिरीच्या पाण्यानं दूध ३५ वरून २८ वर आणा. एकूण ३१ अंशांतले ७ फुकट उतरले, म्हणजे पाचव्या हिश्शाहून जास्त भार कमी झाला. ते पाणी पुढं जनावरांना पाजता येतं, धुण्याला वापरता येतं.

विक्रेत्याला विचारायच्या आणखी दोन गोष्टी लिहून ठेवा, पुढं कुठल्या कामाला स्लरी घ्यायची वेळ आली तर उपयोगी पडतील.

पहिली, पंप कोणता? आमच्या प्रयोगशाळेत एका वर्षी अशी स्लरी आणली होती. पंप गिअरचा लावला. तीन-चार दिवसांत टाकीच्या पाण्यावर पांढरे पापुद्रे दिसायला लागले, आठवड्यानं पाइपाच्या बाकात मेण घट्ट बसलं आणि प्रवाह निम्म्यावर आला. गिअरच्या दातांत कुप्या चिरडल्या गेल्या होत्या. तुमच्या घरच्या भाषेत सांगायचं तर आम्ही रवी घातली होती. घुसळलं की गोळ्यांचे पापुद्रे फाटतात आणि लोणी एकत्र येतं, तसंच हे. पुढं रबरी नळी बाहेरून दाबत नेणारा पंप लावला आणि त्रास थांबला. मेण वितळताना दहा टक्क्यांच्या आसपास फुगतं, त्यामुळं कवचाला प्रत्येक फेरीत आतूनही ताण बसतो. म्हणून ‘किती फेऱ्या टिकते’ हेही कागदावर मागा.

दुसरी, कुपी किती मोठी? मेण पाण्याहून हलकं. स्लरी टाकीत उभी राहिली की कुप्या सायीसारख्या वर येतात. वर येण्याचा वेग व्यासाच्या वर्गानं वाढतो. पाण्याशी घनतेचा फरक लिटरला १०० ग्रॅम धरला, तर ५ मायक्रॉनची कुपी दिवसाला जेमतेम १२ सेंटिमीटर चढते. ५० मायक्रॉनची तेवढंच अंतर पंधरा मिनिटांत चढेल. पिशवीतल्या होमोजनाइज्ड दुधावर साय का धरत नाही? त्यातले गोळे एका मायक्रॉनच्याही खाली बारीक केलेले असतात. तेच गणित. तो नमुना बाटलीत न हलवता चार दिवस खिडकीत ठेवा. वर थर आला तर तुम्हाला उत्तर मिळालं.

प्रश्न : आदरणीय मॅडम, मी कोल्हापुरात मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षात आहे. आमच्या प्रोजेक्टमध्ये २० मिलिमीटरच्या तांब्याच्या नळीतून ऑक्टाडेकेनच्या कुप्यांची २० टक्के स्लरी फिरवतो. बाहेरून १ किलोवॉटचा हीटर आहे. पाण्यावर मिनिटाला १० लिटर प्रवाह होता. स्लरी अडीच पट उष्णता घेते म्हणून आम्ही तो ४ लिटर केला. तर नळीची भिंत पाण्यापेक्षा जास्त तापली. दुसरं असं, की तापवताना कुप्या २८ अंशांना वितळताना दिसतात, पण गार करताना २० पर्यंत आणलं तरी गोठल्याचं दिसत नाही. सर म्हणतात माल भेसळीचा आहे. सबमिशन जवळ आलंय.
– एक विद्यार्थिनी

उत्तर : बाळ, माल बहुतेक चांगलाच आहे. उलट तो फार शुद्ध आहे, ही तुझी अडचण आहे. आणि तुझे दोन प्रश्न वेगळे नाहीत. दुसऱ्याचं उत्तर मिळालं की पहिल्याचं अर्धं उत्तर त्यातच आहे.

द्रव गोठायला कुठंतरी पहिला कण धरावा लागतो. वाडग्यातल्या मेणात धुळीचा एखादा कण असला तरी पुरतो, तिथून सुरुवात झाली की सगळं वाडगं गोठतं. पण तेच मेण कुप्यांत वाटलं की? एक ग्रॅम ऑक्टाडेकेनच्या ५ मायक्रॉनच्या कुप्या केल्या, तर त्या सुमारे दोन हजार कोटी होतात. प्रत्येक कुपीला स्वतःचा पहिला कण हवा आणि तेवढी धूळ त्यात नाहीच. म्हणून बहुतेक कुप्या गोठणांकाखालीही कितीतरी अंश द्रवच राहतात. याला अतिशीतन म्हणतात. डेअरीवाले हे पिढ्यान्‌पिढ्या जाणतात. लोणी काढायच्या आधी क्रीम कित्येक तास थंडीत मुरवत ठेवतात, कारण गोळ्यांतला स्निग्धांश मोकळ्या तुपापेक्षा उशिरा आणि कमी तापमानाला घट्ट होतो.

आता तुझी नळी बघ. तुझा चिलर २० पर्यंतच जातो. म्हणजे स्लरी नळीत शिरतानाच आतलं मेण द्रव होतं. जे गोठलंच नाही ते वितळणार काय! तू जिला अडीच पट उष्णता घेणारी समजत होतीस, ती त्या दिवशी पाण्यापेक्षाही थोडी कमी उष्णता घेणारी होती.

उपाय दोन. चिलरमध्ये बर्फ टाकून एकदा १० अंशांच्या खाली नेऊन बघ. किंवा जिथून माल घेतला तिथं विचार, की मेणात थोडं ऑक्टाडेकॅनॉल मिसळलेली जात आहे का. ते ५८ अंशांच्या आसपास वितळतं, म्हणून गार होताना आधी तेच घट्ट होतं आणि बाकीच्या मेणाला धरायला कण मिळतो. मोजायला महागडं यंत्र मिळालं नाही तरी अडू नकोस. दोन सारख्या परीक्षानळ्या घे, एकीत पाणी, दुसरीत स्लरी, दोन्ही तापवून एकाच गार हौदात बुडव आणि दर दहा सेकंदांनी तापमान लिही. दोन आलेख एकावर एक ठेवलेस की गोठणं कुठं सुरू झालं आणि किती उष्णता बाहेर पडली, दोन्ही काढता येतं. मला ही पद्धत फार आवडते, कारण तिच्यात काय चाललंय ते डोळ्यांसमोर दिसतं.

तरीही भिंत तापण्याचं दुसरं कारण उरतंच, आणि ते प्रवाहाचं आहे. ऑस्बोर्न रेनॉल्ड्सनी १८८३ मध्ये मँचेस्टरला काचेच्या नळीत रंगाची धार सोडून दाखवली होती. प्रवाह संथ असला तर धार सरळ राहते, वेग वाढला की विस्कटते. वेग, नळीचा व्यास आणि द्रवाचा दाटपणा यांवरून जो आकडा काढतात तो रेनॉल्ड्स अंक. गोल नळीत तो साधारण २३०० च्या खाली असला तर पाणी थराथरानं सरकतं. तुझ्या १० लिटर पाण्याला तो अंक सुमारे १२,५०० येतो, म्हणजे पूर्ण खळबळ. खळबळीत भिंतीजवळचं गरम पाणी सारखं मध्ये फेकलं जातं. स्लरीत तू प्रवाह अडीच पट कमी केलास आणि २० टक्के कुप्यांनी श्यानता, म्हणजे वाहण्यातला दाटपणा, साधारण तिपटीवर नेली. अंक आला साडेसोळाशेच्या आसपास. उसाच्या रसाची काकवी होत आली की काहिलीतलं ढवळणं कसं मंदावतं, ते आठव. खळबळ गेली आणि भिंतीलगतचा थर तिथंच तापत राहिला. तिथल्या कुप्या पटकन वितळून संपतात आणि नळीच्या मधल्या गोठलेल्याच पुढं निघून जातात. साठा असूनही भिंतीपर्यंत तो पोचत नाही.

नळी १० मिलिमीटरची केलीस तर अंक दुप्पट होईल आणि मधल्या कुप्यांचं भिंतीपासूनचं अंतर निम्मं होईल. पण थराथरानं वाहणाऱ्या प्रवाहात दाबाचा भार व्यासाच्या चौथ्या घातानं चढतो, म्हणजे निदान सोळा पट. तुझा पंप तो झेपवेल का ते आधी बघ. कुप्यांचं प्रमाण वाढवायचा मोह तर अजिबात नको. ३० टक्क्यांच्या पुढं श्यानता झपाट्यानं वाढते, आणि ढवळलं तर पातळ, थांबलं तर दाट असं ती वागायला लागते. मग पाण्यासाठी लिहिलेली तुझी सूत्रं चालत नाहीत. मी तर १० ते १५ टक्क्यांवरच एक फेरी आधी करून बघितली असती.

हीटरचाही हिशोब कर. मिनिटाला ४ किलो स्लरीतलं सगळं मेण वितळवायला सुमारे अडीच किलोवॉट लागतात. तुझ्याकडं एकच आहे, तेव्हा सगळं नीट गोठलेलं असलं तरी जेमतेम चाळीस टक्के मेण वितळेल. स्लरी नळीत २७ अंशांना आत घे. २० ला घेतलीस तर हीटरची सगळी ताकद ती तापवण्यातच जाईल आणि ती २८ पर्यंत पोचणारही नाही.

सरांना हे कागदावर मांडून दाखव. माल भेसळीचा म्हणून टाकून देऊ नका. अतिशीतन मोजून अहवालात लिहिलंस, तर तो तुझ्या प्रोजेक्टचा सगळ्यात मोलाचा भाग होईल.

प्रश्न : इचलकरंजीत आमचे लूम आहेत. उन्हाळ्यात थंड राहणारं शर्टिंग म्हणून अशाच कुप्या लावलेलं कापड काढावं का? मुंबईचा एक व्यापारी ऑर्डर देतो म्हणतोय.

उत्तर : भाऊ, ही कल्पना खरी आहे. कापडात अशा कुप्या घालण्याचं काम अमेरिकेत १९८० च्या दशकात अंतराळवीरांच्या हातमोज्यांसाठी सुरू झालं. पण शर्टाचं गणित वेगळं. चौरस मीटर कापडावर ५० ग्रॅम कुप्या बसवल्या, दीड चौरस मीटरचा शर्ट धरला, तर सगळ्या मिळून सुमारे १४ किलोजूल घेतील. माणूस स्वस्थ बसला तरी सेकंदाला १०० जूलच्या आसपास उष्णता टाकतो. सगळी शर्टात गेली असं धरलं तर अडीच मिनिटांत साठा भरला. मग कुप्या परत गोठेपर्यंत तो साधाच शर्ट, वर दाट लेप असल्यानं हवा कमी खेळणारा.

पुन्हा गोठायला गारवा लागतो. आपल्याकडं मे महिन्यात दुपारी पारा ३५ च्या वर असतो, तिथं २८ ला वितळणारं मेण सकाळी एकदा वितळलं की दिवसभर तसंच राहणार. एसी ऑफिसातून उन्हात आणि उन्हातून परत एसीत अशी सारखी ये-जा करणाऱ्याला मात्र ते थोडा वेळ सुखाचं वाटेल. व्यापाऱ्याचं गिऱ्हाईक तसलं असेल तर विचार करा, आणि ‘दिवसभर थंड’ असं लेबलवर छापू देऊ नका. आधी दहा मीटरचा नमुना काढा, वीस वेळा धुवा, इस्त्री करा आणि मग वजन करा. किती कुप्या उरल्या ते काट्यावर दिसेल. कवच कोणत्या रसायनाचं आहे तेही लेखी घ्या. काही कवचं फॉर्मल्डिहाइडची असतात, आणि अंगाला लागणाऱ्या कापडात ते किती सुटतं हे तपासल्याशिवाय माल पाठवू नका.